दोन पाहण्यांचे आकडे एका तक्त्यात मांडताना: सामाजिक आकडेवारी तुलनायोग्य करण्याची पद्धत

नियतकालिक श्रमबल पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, २०२३-२४ सालचा १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांमधला बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे. त्याच पाहणीत, त्याच वर्षी, त्याच वयोगटासाठी दुसरा दर दिला आहे तो ४.९ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला 'नेहमीच्या स्थिती'चा, म्हणजे मागच्या ३६५ दिवसांवरून काढलेला. दुसरा 'चालू साप्ताहिक स्थिती'चा, म्हणजे मागच्या ७ दिवसांवरून काढलेला.

आता २०१७-१८ चे आकडे पाहा. तेव्हा नेहमीच्या स्थितीने दर ६.० टक्के होता आणि साप्ताहिक स्थितीने ८.७. ज्याने एका अहवालातून ८.७ उचलला आणि दुसऱ्यातून ३.२, त्याच्या तक्त्यात बेरोजगारी निम्म्याहून खाली येते. खरी तुलना ६.० ते ३.२ किंवा ८.७ ते ४.९ अशीच होऊ शकते. हा घोळ मी पुन्हा पुन्हा पाहतो: जिल्ह्यांच्या अहवालांत, संस्थांच्या प्रस्तावांत, प्रबंधांत, बातम्यांत. बहुतेक ठिकाणी माणूस अप्रामाणिक नसतो, कामाचा क्रम चुकलेला असतो. आधी आकडे गोळा होतात, तक्ता भरतो, आणि व्याख्या शोधायची वेळ येते ती कुणी शंका काढल्यावर. हा क्रम उलटा करायचा आहे.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवे

प्रत्येक पाहणीसाठी चार गोष्टी उतरवून घ्या: मूळ प्रश्नावली (राष्ट्रीय नमुना पाहणीच्या, म्हणजे एनएसएसच्या भाषेत अनुसूची), क्षेत्रीय कर्मचाऱ्यांसाठीची सूचना-पुस्तिका, मुख्य अहवाल आणि कुटुंबनिहाय कच्ची माहिती. एनएसएस, पीएलएफएस आणि उपभोग खर्च पाहणीची कच्ची माहिती सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून विनामूल्य मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची, म्हणजे एनएफएचएसची, माहिती वेगळा अर्ज करून मागावी लागते. मंजुरीला वेळ लागू शकतो, म्हणून हा अर्ज पहिल्याच दिवशी करा.

या चारांपैकी सूचना-पुस्तिका लोक सर्रास वगळतात, आणि खरी व्याख्या तिथेच असते. प्रश्नावलीत एका ओळीचा प्रश्न असतो. 'हे काम धरायचे की नाही', 'हा माणूस कुटुंबात मोजायचा की नाही' याचा निवाडा पुस्तिकेत सापडतो.

सावधान: फक्त छापील तथ्यपत्रके आणि वर्तमानपत्रातले आकडे हाती असतील तर पुढच्या टप्प्यांपैकी निम्मे करता येणार नाहीत. तसे असेल तर तुलना करू नका, दोन्ही आकडे स्वतंत्र तक्त्यांत द्या.

## टप्पा १: तुलनेचा प्रश्न एका वाक्यात लिहा

'महाराष्ट्रातील स्त्रियांचा रोजगार' हा विषय झाला. प्रश्न असा हवा: 'महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी वर्षभरात कोणतेही आर्थिक काम केलेल्यांचे प्रमाण २०११-१२ ते २०२३-२४ मध्ये किती बदलले?'

या वाक्यात पाच गोष्टी आल्याच पाहिजेत: कोण, कुठले, कोणत्या वयाचे, कोणत्या मुदतीतले आणि कशाच्या तुलनेत किती. शेवटची गोष्ट म्हणजे छेद. तो लिहिला नाही तर पुढे सगळे घसरते. जनगणनेतला कामातल्या सहभागाचा दर सर्व वयांच्या लोकसंख्येवर काढतात, त्यात तान्ही बाळेही छेदात असतात. पीएलएफएसचा बातम्यांत येणारा दर बहुधा १५ वर्षांवरच्यांचा असतो. दोन दरांमधला मोठा फरक निव्वळ छेदातून येतो आणि लोक त्यावर धोरणाची चर्चा करतात.

## टप्पा २: तुलना-पत्रक भरा, आकडे न लिहिता

एक साधा तक्ता काढा. प्रत्येक पाहणीला एक रकाना. ओळी अशा: पाहणीचा काळ (महिन्यांसह), कोणाला विचारले, कुटुंबाची व्याख्या, वयोगट, संदर्भ कालावधी, प्रश्नाचे नेमके शब्द, उत्तराचे पर्याय, ग्रामीण-शहरी कसे ठरवले, जिल्ह्यांच्या सीमा कोणत्या तारखेच्या, नमुना केवढा, भारांक (नमुन्यातली एक नोंद लोकसंख्येतल्या किती जणांच्या जागी धरायची, तो आकडा) कोणता. आकड्याची ओळ या पत्रकात नसतेच.

'कोणाला विचारले' ही ओळ महत्त्वाची आहे. एनएसएस आणि पीएलएफएसमध्ये बरेचदा घरातली एक जाणती व्यक्ती सगळ्यांची माहिती सांगते. एनएफएचएसमध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रीला स्वतःला विचारतात. सासऱ्याने सुनेच्या कामाबद्दल दिलेले उत्तर आणि सुनेने स्वतः दिलेले उत्तर एकच असेल असे गृहीत धरू नका.

कुटुंबाच्या व्याख्येतही बारीक भेद आहे. एका चुलीवर जेवणारे, एरवी एकत्र राहणारे ते कुटुंब, हे सूत्र सगळीकडे सारखे. पण एनएफएचएस आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेल्यांचीही नोंद करते. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी त्यामुळे एका पाहणीत माहेरी मोजली जाते, दुसरीत सासरी. राज्याच्या सरासरीवर याचा परिणाम किरकोळ असेल, पण गरोदर स्त्रियांबद्दलच्या जिल्हानिहाय आकड्यांत तो दिसू शकतो.

इथे तपासा: पत्रकातली एकही चौकट 'बहुधा सारखेच' अशा भरवशावर भरलेली नको. पुस्तिकेतला पान क्रमांक लिहा. पान सापडत नसेल तर चौकट रिकामी ठेवा.

## टप्पा ३: व्याख्या समोरासमोर ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जाऊ द्यावा. चार उदाहरणे देतो. नावे सारखी आणि अर्थ वेगळे असल्यामुळे नेमकी तीच चुकतात.

काम. एनएफएचएसच्या पाचव्या फेरीच्या (२०१९-२१), म्हणजे एनएफएचएस-५ च्या तथ्यपत्रकात 'गेल्या १२ महिन्यांत काम केलेल्या आणि रोख मोबदला मिळालेल्या' १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया देशभरात २५.४ टक्के आहेत. पीएलएफएस २०२०-२१ मध्ये १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी कामात असलेल्या ३१.४ टक्के. वयोगट वेगळा हे एक कारण झाले. त्याहून मोठा भेद म्हणजे पीएलएफएसमध्ये घरच्या शेतीत किंवा दुकानात बिनपगारी राबणारी स्त्रीही कामगार आहे, तिचा संकेतांक २१. एनएफएचएसच्या त्या निर्देशकात 'रोख मोबदला' ही अट आहे, म्हणून ती बाहेर. विदर्भ-मराठवाड्यातली कापूस वेचणारी, घरच्या रानात निंदणी-खुरपणी करणारी बाई एका आकड्यात आहे आणि दुसऱ्यात नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'सरकारी पाहण्यांमध्ये मेळ नाही' असे लिहिणे अन्यायाचे आहे.

आणखी एक गोष्ट मी पोटतिडकीने सांगतो. 'तुम्ही काम करता का?' असे विचारले की पहाटे उठून दोन म्हशींचे दूध काढणारी बाई 'नाही, घरीच असते' असे उत्तर देते. पुढचे दोन प्रश्न विचारले तरच तिचे काम नोंदवहीत उतरते, नाहीतर तिला संकेतांक ९२ (फक्त घरकाम) किंवा ९३ (घरकामाबरोबर सरपण, शिवणकाम वगैरे) लागतो. म्हणून पाहणीतल्या मराठी प्रश्नांचे शब्द आणि त्यामागचे शोधक प्रश्न पत्रकात जसेच्या तसे उतरवा. ९२, ९३ आणि २१ यांची बेरीज दोन फेऱ्यांत स्थिर राहून आतली वाटणीच बदलली असेल, तर बदल नोंदणीत आहे की जीवनात, हे आधी पाहायचे.

साक्षरता. जनगणनेत ७ वर्षे व त्यावरील, कोणत्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता येणारी व्यक्ती साक्षर. ही सांगीव माहिती असते. एनएफएचएस-५ मध्ये वयोगट १५ ते ४९, आणि नववी किंवा पुढे शिकलेली, अथवा कार्डावरचे वाक्य पूर्ण वा काही अंशी वाचून दाखवणारी व्यक्ती साक्षर. म्हणजे एका ठिकाणी लेखनाचीही अट आहे पण चाचणी नाही, दुसऱ्या ठिकाणी वाचनाची चाचणी आहे पण लेखन नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या ८२.३ टक्क्यांपुढे एनएफएचएसचा आकडा लिहून वाढ-घट काढता येत नाही.

शौचालय. एनएफएचएसमध्ये 'सुधारित सुविधा' म्हणजे दुसऱ्या कुटुंबाबरोबर सामायिक नसलेली. एनएसएसच्या ७६व्या फेरीत (जुलै ते डिसेंबर २०१८) 'उपलब्धता' पाहिली आहे, आणि तीत सामायिक व सार्वजनिक शौचालयही येते. मुंबईच्या चाळीत आणि वस्तीत हा फरक प्रचंड पडतो. शिवाय टक्केवारी कुटुंबांची की त्या कुटुंबांत राहणाऱ्या लोकसंख्येची, हेही बघा. मोठ्या कुटुंबांकडे सुविधा कमी असेल तर दोन टक्केवाऱ्या वेगळ्या येणारच.

अपंगत्व. जनगणना २०११ मध्ये अपंगत्वाचे प्रमाण २.२१ टक्के. एनएसएस ७६व्या फेरीत २.२ टक्के. आकडे जुळले म्हणून लोक निश्चिंत होतात. पण जनगणनेत आठ प्रकारांची यादी होती, आणि ७६वी फेरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरची आहे, ज्यात २१ प्रकार आहेत. व्याख्या रुंदावूनही प्रमाण तेवढेच राहिले, याचा अर्थ मोजणीत आणखी काहीतरी बदलले असणार. आकडे सारखे आले तरी व्याख्या तपासायचीच.

## टप्पा ४: संदर्भ कालावधी जुळवा

माणसाला काल खाल्लेली भाजी आठवते, मागच्या महिन्यातली नाही. मुलाच्या शाळेची फी मात्र वर्षभर आठवते. त्यामुळे 'मागच्या ७ दिवसांत', '३० दिवसांत' आणि '३६५ दिवसांत' या तीन प्रश्नांना मिळणारी उत्तरे गुणाकार-भागाकाराने एकमेकांत बदलत नाहीत.

एनएसएसच्या खर्च पाहणीत तीन पद्धती आढळतील. एकसमान: सगळ्याला ३० दिवस. मिश्र: कपडे, पादत्राणे, शिक्षण, रुग्णालयातला खर्च आणि टिकाऊ वस्तू यांना ३६५ दिवस, बाकीच्याला ३०. सुधारित मिश्र: त्यातही खाद्यतेल, अंडी, मासे-मटण, भाज्या, फळे, मसाले, पेये, तंबाखू अशांना ७ दिवस. २०११-१२ चा ग्रामीण दरडोई मासिक खर्च सुधारित मिश्र पद्धतीने १,४३० रुपये आहे, जुन्या पद्धतीने त्याहून कमी. २०२२-२३ चा ३,७७३ रुपये हा आकडा सुधारित मिश्र पद्धतीचा, म्हणून तो १,४३० शेजारीच बसेल. तोही अर्धवटच, कारण २०२२-२३ मध्ये वस्तूंची यादी ३४७ वरून ४०५ झाली आणि एका भेटीऐवजी तीन महिन्यांत तीन भेटी झाल्या. आणखी एक ३,८६० चा आकडा त्याच अहवालात आहे, तो मोफत मिळालेल्या वस्तूंची किंमत धरून. २०११-१२ मध्ये तशी किंमत धरलेली नाही, तेव्हा तुलनेसाठी ३,७७३ घ्या. आणि हे चालू किमतींतले रुपये आहेत, महागाई वजा केल्याशिवाय वाढीबद्दल एक शब्दही लिहू नका.

सावधान: आजारपणाच्या आकड्यांत 'मागच्या १५ दिवसांत आजारी' आणि 'मागच्या ३६५ दिवसांत रुग्णालयात दाखल' हे वेगळे ठेवा. दाखल झालेल्यांत बाळंतपण धरले आहे की वगळले, हेही बघा.

पाहणीचा कॅलेंडर-काळही इथेच जुळवायचा. पीएलएफएसचे वर्ष २०२४ पर्यंत जुलै ते जून होते, जानेवारी २०२५ पासून जानेवारी ते डिसेंबर. त्याच वेळी मासिक आकडे सुरू झाले आणि नमुन्याची रचनाही बदलली. २०२५ च्या आधीची त्रैमासिक पत्रके फक्त शहरी भागाची होती. त्यातला दर उचलून वार्षिक एकूण दरापुढे ठेवणारे तक्ते मी इतक्यांदा पाहिले आहेत की ही ओळ ठळक करावीशी वाटते: २०२५ पूर्वीचे त्रैमासिक म्हणजे शहरी.

एनएफएचएस-५ दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा पहिल्या टप्प्यात, जो जानेवारी २०२० मध्ये संपला. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दुसऱ्या टप्प्यात, जो एप्रिल २०२१ पर्यंत लांबला. महाराष्ट्राची तुलना कर्नाटकाशी करताना अडचण नाही. मध्य प्रदेशाशी करताना एका बाजूला कोविडपूर्व काळ आहे आणि दुसऱ्या बाजूला कोविडने तुटलेला, हे तळटीपेत आलेच पाहिजे. लसीकरण आणि दवाखान्याच्या भेटींबाबत तर नक्कीच.

## टप्पा ५: भूगोल एका तारखेला आणा

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. एनएफएचएस-४ (२०१५-१६) त्यानंतर झाली, पण तिने २०११ च्या जनगणनेतले ६४० जिल्हेच घेतले. त्यामुळे तिच्यातल्या 'ठाणे' या नावात जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी, वाडा, पालघर, वसई हे आठही तालुके आहेत. एनएफएचएस-५ ने ३१ मार्च २०१७ चे ७०७ जिल्हे घेतले, तिच्यात ठाणे आणि पालघर वेगळे. आदिवासीबहुल तालुके बाजूला गेल्यावर ठाण्याचे कुपोषणाचे आकडे सुधारलेले दिसले तर ती सुधारणा कागदावरच्या रेषेची असू शकते. मोखाड्याच्या एका मुलाचेही वजन त्याने वाढत नाही. म्हणूनच ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते.

करायचे असे:

१. जुन्या सीमा आधार धरा. फुटलेले जोडता येते, जोडलेले फोडता येत नाही. एनएफएचएस-४ च्या कच्च्या माहितीत जिल्ह्याखाली तालुका नाही, तेव्हा जुने ठाणे फोडण्याचा प्रयत्न करू नका.

२. एनएफएचएस-५ मधले ठाणे आणि पालघर कच्च्या माहितीत एकत्र करून भारांकासह टक्केवारी पुन्हा काढा.

३. दोन जिल्ह्यांच्या टक्केवाऱ्यांची साधी सरासरी काढू नका. ठाण्याची लोकसंख्या पालघरच्या अडीच पटींहून जास्त आहे.

४. जनगणना २०११ साठी मात्र उलट जाता येते. तिथे तालुकानिहाय आकडे आहेत, आठ तालुक्यांची बेरीज करून २०११ चे पालघर बनवा.

जिल्ह्यांची नावे बदलली आहेत: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. जुन्या फायलींत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर असेल. नावावरून जोडणी केली तर या ओळी गळतात, आणि संगणक काही तक्रार करत नाही. जोडणी संकेतांकावरून करा. पण जनगणनेचे संकेतांक वेगळे आणि स्थानिक शासन निर्देशिकेचे, म्हणजे गावे-तालुके-जिल्ह्यांच्या केंद्र सरकारी यादीचे, वेगळे. जनगणना २०११ मध्ये नंदुरबार ४९७, ठाणे ५१७, पुणे ५२१. निर्देशिकेचे आकडेही तीन अंकी असू शकतात, म्हणून चुकीची जोडणी दिसायला बरोबर दिसते. दोन्ही संकेतांकांचे रकाने शेजारी ठेवलेली एक फाइल कायमची करून ठेवा.

ग्रामीण-शहरी विभागणीचे दुखणे वेगळे. जनगणना-नगर ठरण्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार शेतीबाहेर आणि दर चौरस किलोमीटरला ४०० लोक अशा तीन अटी. पाहण्यांत ग्रामीण नमुन्यासाठी अजून २०११ ची गावांची यादी वापरात आहे. पुण्या-मुंबईच्या कडेची बारा-बारा मजली झालेली गावे आकड्यांत 'ग्रामीण' असू शकतात.

इथे तपासा: जोडणीनंतर ओळी मोजा. २०११ च्या सीमांवर महाराष्ट्राचे जिल्हे ३५, आजच्या सीमांवर ३६. बेरीज याहून वेगळी आली तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: प्रवर्ग आणि संकेतांक जुळवा

महाराष्ट्रात राज्याच्या याद्यांमध्ये विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग वेगळे आहेत. केंद्राच्या पाहण्यांत चारच खाने: अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, इतर मागास वर्ग, इतर. भटक्या विमुक्तांपैकी कोण कुठल्या खान्यात गेला हे कुटुंबाने काय सांगितले आणि गणकाने काय लिहिले यावर ठरते. म्हणून आश्रमशाळांची किंवा शिष्यवृत्तीची राज्याची प्रशासकीय आकडेवारी आणि एनएसएस यांची प्रवर्गनिहाय तुलना करायची असेल, तर राज्याचे सगळे मागास प्रवर्ग एकत्र करून 'इतर मागास' समोर ठेवा, आणि तरीही जोडणी सैल आहे असे लिहा.

बौद्ध कुटुंबांची नोंद हा आपल्याकडचा खास मुद्दा. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींमधून बौद्ध झालेले लोकही अनुसूचित जातींत मोडतात, पण प्रत्यक्ष उत्तरात कुणी फक्त धर्म सांगतो, कुणी जात. धर्म आणि प्रवर्ग यांचा आडवा-उभा तक्ता काढा. दोन पाहण्यांत बौद्धांमधले अनुसूचित जातींचे प्रमाण फार वेगळे असेल तर प्रवर्गाची तुलना करू नका.

उद्योग आणि व्यवसायाच्या वर्गीकरणांच्या आवृत्त्या बदलतात. अंक तेच राहतात आणि अर्थ बदलतो. अधिकृत जुळणी-सारणी घ्या आणि वरच्या, ढोबळ पातळीवरच काम करा.

## टप्पा ७: भारांक लावा

भारांकाविना काढलेली टक्केवारी नमुन्याची असते, राज्याची नसते. एनएफएचएसच्या फायलीत भारांक दहा लाखांनी भागायचा असतो, आणि कुटुंब, स्त्री, पुरुष व घरगुती हिंसा या प्रत्येकाचा निराळा. २०२५ पूर्वीच्या पीएलएफएसमध्ये उपनमुन्यांच्या दोन संख्या समान असतील तर गुणक (फायलीतला कच्चा भारांक) १०० ने, नसतील तर २०० ने भागतात, आणि वार्षिक आकड्यासाठी तिमाहींच्या संख्येने पुन्हा भागतात. दरवर्षीच्या माहितीपत्रकात हे दिलेले असते, गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

इथे तपासा: पुढे काही करण्याआधी, छापील अहवालातला एक आकडा तुमच्या फायलीतून जसाच्या तसा काढून दाखवा. दशांशापर्यंत जुळला पाहिजे. तो जुळत नाही तोवर स्वतःचा एकही आकडा काढायचा नाही. ही एक सवय लागली तर निम्म्या चुका घरातच सापडतात.

टक्केवारीवरून माणसांची संख्या हवी असेल तर भारांकांची बेरीज वापरू नका, पाहण्यांत ती प्रत्यक्ष लोकसंख्येपेक्षा कमी भरते. दर घ्या आणि केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाच्या २०११ ते २०३६ च्या लोकसंख्या प्रक्षेपणाने (पुढच्या वर्षांच्या अंदाजी लोकसंख्येने) गुणा. स्त्री-पुरुष आणि ग्रामीण-शहरी असे चार भाग वेगळे गुणून मग बेरीज करा.

केंद्राबरोबर राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालयही एनएसएससाठी राज्याचा नमुना घेते. दोन्ही एकत्र केले तर जिल्ह्यासाठी नमुना वाढतो. पण एकत्र करण्याआधी दोन नमुन्यांचे वितरण एकाच लोकसंख्येचे दिसते का, याची चाचणी हवी. न जुळणारे दोन नमुने मिसळले की दोन्ही बिघडतात.

## टप्पा ८: मसावि काढा

शाळेतला मसावि आठवा. दोन्ही संख्यांना नेमका भाग देणारी सगळ्यात मोठी संख्या. इथेही तेच. दोन्ही पाहण्यांत नेमकी बसेल अशी सगळ्यात बारीक व्याख्या शोधायची, आणि दोन्हीकडची कच्ची माहिती त्या व्याख्येत नव्याने वर्गीकृत करायची.

पहिल्या टप्प्यातला प्रश्न घ्या. एनएसएसची ६८वी फेरी (२०११-१२) आणि पीएलएफएस २०२३-२४, दोन्हींत कामात असलेल्यांचे संकेतांक ११ ते ५१ आहेत, दोन्हींत मुख्य (वर्षातल्या जास्त काळाची) आणि दुय्यम (जोडीच्या, थोड्या काळाच्या कामाची) स्थिती आहे. वय १५ ते ४९ असे कापा, ग्रामीण महाराष्ट्र गाळून घ्या, दर काढा. मग बिनपगारी मदतनीस (२१) वगळून दुसरा दर काढा. दोन्ही छापा. पहिला सगळे काम दाखवतो, दुसरा मोबदल्याचे काम. वाढ कुठून आली हे वाचकाला या जोडीवरून कळते.

एनएफएचएसशी जुळवायचे तर तिच्या कच्च्या माहितीत मोबदल्याचा प्रकार वेगळा नोंदला आहे, त्यातून 'रोख' ही अट काढून टाकता येते. तथ्यपत्रकावरून हे जमत नाही. पुरुषांचे आणि नोकरीचे प्रश्न मात्र १५ टक्के कुटुंबांच्या राज्य-गटातच विचारले आहेत, म्हणून ही जुळणी राज्यासाठी करा, जिल्ह्यासाठी नाही.

## टप्पा ९: पूल बांधता येतो का पाहा

मसावि निघत नसेल तर शेवटचा मार्ग म्हणजे दोन पद्धतींमधला फरक मोजून पूल बांधणे. त्यासाठी एकाच काळात, एकाच प्रकारच्या कुटुंबांत, दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे वापरलेल्या असाव्या लागतात. २०११-१२ च्या खर्च पाहणीत मिश्र आणि सुधारित मिश्र पद्धतींच्या अनुसूची वेगवेगळ्या कुटुंबांत भरल्या होत्या, तिथे फरक मोजता येतो.

१९९९-२००० च्या ५५व्या फेरीत ७ दिवस आणि ३० दिवस हे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला, शेजारशेजारच्या रकान्यांत विचारले गेले. एक उत्तर दुसऱ्याला ओढत गेले. त्या फेरीवरून निघालेला २६.१ टक्के गरिबीचा आकडा आधीच्या मालिकेशी जोडावा की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. तुम्ही स्वतःची पाहणी आखत असाल तर हे लक्षात ठेवा: जुना आणि नवा प्रश्न एकाच घरात विचारू नका, नमुना दोन भागांत वाटा.

## टप्पा १०: फरक खरा आहे का

२.१ वरून २.८ झाले म्हणजे वाढ झाली असे नाही. दोन्ही आकड्यांची प्रमाण त्रुटी (सगळ्यांऐवजी नमुनाच विचारल्याने आकडा किती हलू शकतो, त्याचे माप) काढा, नमुन्याचे स्तर आणि गट धरून. एनएफएचएस २५ ते ४९ नोंदींवरचा आकडा कंसात देते आणि २५ हून कमी असतील तर तारांकन करून आकडा लपवते. तुमच्या तक्त्यातही हाच नियम पाळा. कंस काढून टाकून आकडा स्वच्छ दिसतो, विश्वासार्ह होत नाही.

जिथे जुळणी झाली नाही ती चौकट रिकामी सोडा आणि 'तुलना शक्य नाही' असे लिहा. वरिष्ठांना रिकामी चौकट आवडत नाही, हे मला माहीत आहे. तरीही सोडा. त्या चौकटीवरून उद्या एखाद्या तालुक्याचा पोषण-निधी ठरणार असतो.

## टप्पा ११: तळटीप

प्रत्येक तक्त्याखाली पाच-सहा ओळी, या नमुन्याने:

'वय १५ ते ४९. ग्रामीण महाराष्ट्र. नेहमीची स्थिती, मुख्य व दुय्यम. २०११-१२: एनएसएस ६८वी फेरी, २०२३-२४: पीएलएफएस, जुलै ते जून. दोन्ही कच्च्या माहितीवरून पुन्हा काढलेले, छापील आकड्यांशी जुळणार नाहीत. पाहणीची रचना बदललेली असल्याने लहान फरकांवर निष्कर्ष काढू नये.'

आकड्यामागची आज्ञावली, तुलना-पत्रक आणि संकेतांकांची फाइल एकाच फोल्डरमध्ये, तारीख घालून ठेवा. जनगणना २०२७ चा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायच्या ठरल्या. त्या सीमांचा तिसरा रकाना आपल्या संकेतांकांच्या फायलीत आताच उघडा: २०११ चा तालुका, आजचा तालुका, गोठवलेल्या सीमांवरचा तालुका. नवे आकडे येतील तेव्हा जुळणीचे सगळ्यात वेळखाऊ काम झालेले असेल.